संध्याकाळी साडेपाचला जन्मलेले सभासद

३१ मेला सकाळी एका पतसंस्थेच्या सर्व्हरनं वाढदिवसाच्या शुभेच्छांचे एसएमएस घाऊक भावात पाठवले. दुसऱ्या दिवशी, १ जूनला, पुन्हा तसाच लोंढा. एरवी हा लोंढा फक्त १ जूनला येतो आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. महाराष्ट्रात साठीपुढच्या माणसांमध्ये १ जूनचा जन्म फार; शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळे कुठल्याही जुन्या संस्थेतल्या सभासदांच्या जन्मदिवसांचा आलेख काढला तर त्या एका दिवशी सुळका दिसतो. या संस्थेच्या आलेखात त्या वर्षी सुळके दोन होते, अगदी शेजारी शेजारी.

एसएमएसवरून काही कळलं नसतं. शुभेच्छा एक दिवस आधी आल्या म्हणून तक्रार कोण करतो? पण त्याच सुमारास केवायसीच्या पडताळणीसाठी पाठवलेल्या फाइलमधल्या बऱ्याच ओळी परत आल्या. पॅन जुळतो, नाव जुळतं, जन्मतारीख जुळत नाही. मुख्य कार्यालयानं शाखांना फोन लावले. शाखेतल्या क्लार्क ताईंनी सभासदाची माहिती पडद्यावर उघडली, शेजारी आधार कार्डाची झेरॉक्स धरली आणि सांगितलं, "साहेब, आमच्याकडे तर बरोबर दिसतंय." त्या खरंच सांगत होत्या. एकच नोंद शाखेच्या पडद्यावर १ जून होती आणि मुख्य कार्यालयाच्या छापील यादीत ३१ मे.

संस्थेचं नाव-गाव इथे येणार नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बिघाडाची यंत्रणा मात्र जशी होती तशी मांडतो. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या आणि भारतात चालणाऱ्या जुन्या प्रणालींमध्ये हाच बिघाड वेगवेगळ्या कपड्यांत पुन्हा पुन्हा भेटतो, आणि तो दुरुस्त करायला जाणारे बहुतेक जण पहिल्या प्रयत्नात तो आणखी पक्का करतात.

कपाटातून क्लाउडवर

रचना साधी होती. शाखांच्या काउंटरवर जावाच्या स्विंग या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीत लिहिलेला प्रोग्रॅम, मुख्य कार्यालयाच्या कपाटात सर्व्हर, त्यावर जावा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. सभासदाच्या क्लासमध्ये (माहितीच्या साच्यात) जन्मतारखेचं फील्ड जावा.युटिल.डेट या प्रकाराचं. डेटाबेसमधला रकाना टाइमस्टॅम्प, म्हणजे तारीख आणि वेळ दोन्हींचा, तोही टाइमझोन नसलेला. काउंटरवर 'दिनांक-महिना-वर्ष' अशी अक्षरं टाइप होत, सिंपलडेटफॉरमॅट त्यांचं डेट ऑब्जेक्ट करत असे, ते ऑब्जेक्ट सर्व्हरकडे जाई आणि रकान्यात '१९४३-०६-०१ ००:००:००' असं बसे. शाखेचे पीसी आणि कपाटातला सर्व्हर सगळे भारतीय वेळेवर. अनेक वर्षं काही अडलं नाही.

मग सर्व्हर क्लाउडवर गेला. डेटा सेंटर मुंबईत, म्हणून घड्याळही मुंबईचंच असणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पण क्लाउडवरची लिनक्स यंत्रं जगात कुठेही असोत, सहसा यूटीसी, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, लावूनच येतात. त्या दिवसापासून काउंटरवरचा जावा भारतीय वेळेत विचार करत होता आणि सर्व्हरवरचा जावा यूटीसीत, आणि दोघांमध्ये जन्मतारखेच्या नावाखाली जे ये-जा करत होतं ती तारीख नव्हतीच.

इथे डेट या क्लासबद्दल बोलायलाच हवं. १९९६ च्या पहिल्या जावापासून तो आहे. त्याच्या पोटात एकच आकडा असतो: १ जानेवारी १९७०, यूटीसी मध्यरात्र, या क्षणापासून उलटलेले मिलिसेकंद. म्हणजे तो काळाच्या रेषेवरचा एक क्षण आहे. वर्ष, महिना, वार यातलं काहीही त्याच्याजवळ नाही. तरी त्याला छापायला सांगितलं की तो चालू यंत्राचा टाइमझोन उसना घेऊन, त्या झोनमध्ये त्या क्षणी कॅलेंडरवर काय आहे ते आपलंच असल्याच्या थाटात सांगतो. डीबगरमध्ये पाहणाऱ्याला वाटतं की ऑब्जेक्टमध्ये 'आयएसटी' (भारतीय प्रमाणवेळ) साठवलेलं आहे. नसतं. तेच ऑब्जेक्ट दुसऱ्या यंत्रावर नेलं की दुसरी तारीख सांगतं. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीत क्लासचं नाव म्हणजे वापरणाऱ्याशी केलेला करार. इथे करारच चुकीच्या नावानं झाला.

हे जावावाल्यांना लवकर कळलं होतं. १९९७ च्या १.१ आवृत्तीतच कॅलेंडर हा क्लास आला आणि डेटच्या बऱ्याचशा मेथड (क्लासकडून करून घ्यायची कामं) वापरू नका म्हणून सांगितलं गेलं. पण कॅलेंडरमध्येही महिने शून्यापासूनच मोजायचे, जानेवारी म्हणजे शून्य. डेटाबेससाठी जावा.एसक्यूएल.डेट केला तो याच डेटला बाप करून. मग तारखेला तास कुठले म्हणून त्याची 'तास सांग' ही मेथड हाक मारताच एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅम अडवणारी चूक, फेकते. वारशात मिळालेली गोष्ट वापरली की स्फोट होत असेल तर तो वारसा कसला? स्टीफन कोलबोर्न यांनी जोडा-टाइम ही लायब्ररी याच वैतागातून उभी केली, आणि पुढे त्यांच्याच पुढाकारानं मार्च २०१४ मधल्या जावा ८ मध्ये जावा.टाइम हा तारीख-वेळेच्या क्लासचा नवा संच आला. म्हणजे या संस्थेचा सर्व्हर हलला तेव्हा योग्य हत्यार जावात होतंच. पण कोड जावा ८ च्या आधीचा होता आणि चालणाऱ्या कोडला कुणी हात लावत नाही.

आता एक नोंद घेऊन चालू. सभासदाचा जन्म १ जून १९८०. मोबाइल नंबर बदलायला तो काउंटरवर आला. क्लार्कनं फॉर्म उघडला, नंबर बदलला, 'साठवा' दाबलं. फॉर्ममधली सगळी फील्ड पुन्हा गेली, त्यात जन्मतारीखही. काउंटरच्या जावानं '०१-०६-१९८०' या अक्षरांचा भारतातल्या मध्यरात्रीचा क्षण केला. यूटीसीत तो क्षण ३१ मे, १८:३०. सर्व्हरनं आपल्या यूटीसी घड्याळानं तो वाचला आणि रकान्यात '१९८०-०५-३१ १८:३०:००' लिहिलं. काउंटरवर परत उघडलं तर तोच क्षण भारतीय वेळेत १ जून. सर्व्हरवर तयार होणारं पासबुक, व्याजाचा हिशोब, एसएमएस, केवायसीची फाइल, या सगळ्यांत मात्र ३१ मे. ज्यांच्या नोंदीला सर्व्हर हलल्यापासून कुणी हातच लावला नव्हता ते १ जूनलाच राहिले. दोन सुळक्यांचं उत्तर एवढंच.

रकान्यातल्या वेळा

आम्ही पहिलं काम केलं ते असं: जन्मतारखेच्या रकान्यातली तारीख टाकून दिली, फक्त वेळ ठेवली आणि कुठली वेळ किती नोंदींत आहे ते पाहिलं. जन्मतारखेच्या रकान्यात वेळ असणं हाच मुळात बिघाड, त्यामुळे जी वेळ दिसेल ती पुरावा.

००:००:०० सगळ्यात जास्त. या हात न लागलेल्या जुन्या नोंदी. त्याखालोखाल १८:३०:००. भारतात जावा किंवा जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ही वेळ शेजाऱ्यासारखी ओळखीची असते. लॉगमध्ये १८:३० दिसलं की समजावं, आपली मध्यरात्र यूटीसीचे कपडे घालून आली आहे.

इथपर्यंत संस्थेच्या सॉफ्टवेअर पुरवठादाराचाही तर्क पोचला होता आणि त्याचा उपाय तयार होता: ज्या नोंदींत १८:३० आहे त्यांत साडेपाच तास मिळवा, झालं. पण यादी तिथे संपत नव्हती. बऱ्याच नोंदींत १७:३०:०० होतं. काहींत १८:०६:४०. आणि थोड्या नोंदींत १८:३८:५०. ही पन्नास सेकंदं कुठून आली?

१७:३० वाल्या सभासदांची जन्मवर्षं काढली तर सगळे १९४१ ते १९४५ मधले. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं एक तास पुढे केली होती. टाइमझोनचा जो सार्वजनिक डेटाबेस जावासकट जवळजवळ सगळ्या प्रणाली वापरतात, त्यात आशिया/कोलकाता या झोनखाली १ ऑक्टोबर १९४१ ते १५ मे १९४२ आणि पुन्हा १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारत यूटीसीच्या साडेसहा तास पुढे आहे. त्या काळातली मध्यरात्र यूटीसीत आदल्या संध्याकाळी साडेपाचला पडते. साडेपाच तास मिळवले तर रात्रीचे अकरा वाजतात आणि तारीख आदल्या दिवसाचीच राहते. म्हणजे पुरवठादाराच्या उपायानं नेमके पंच्याहत्तरी ओलांडलेले सभासद चुकीच्या तारखेवर कायमचे अडकले असते. पडताळा घ्यायला १ जूनच कामी आला. १ जून १९४३, १९४४ आणि १९४५ ची माणसं १७:३० ला होती. १ जून १९४२ ची १८:३० ला. त्या वर्षी १५ मे ते ३१ ऑगस्ट घड्याळ साडेपाच तासांवरच होतं. पुस्तकातला इतिहास आणि रकान्यातली वेळ मिनिटाला मिनिट जुळली.

याच डेटानुसार १ सप्टेंबर १९४२ या दिवशी भारतात मध्यरात्र झालीच नाही. बाराचा ठोका पडायच्या जागी थेट एक वाजला. त्या दिवशी जन्मलेल्यासाठी 'मध्यरात्रीचा क्षण' मागितला तर जुना जावा न बोलता एक वाजताचा क्षण देतो. जोडा-टाइमचा डेटटाइम अशा वेळी सरळ एक्सेप्शन टाकतो. मला दुसरं वागणं जास्त प्रामाणिक वाटतं, पण काउंटरवर उभ्या असलेल्या आजोबांना ते समजावून सांगायला मी जाणार नाही.

१८:३८:५० च्या सगळ्या नोंदींची जन्मतारीख एकच निघाली: १ जानेवारी १९००. म्हणजे फॉर्मवर तारीख नव्हती, फील्ड भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, म्हणून कुणीतरी ०१-०१-१९०० ठोकून दिलं होतं. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला सुरू झाली. त्याआधीच्या काळासाठी टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये मद्रास वेळ आहे, यूटीसीच्या ५ तास २१ मिनिटं १० सेकंद पुढे. चोवीस तासांतून तेवढे वजा करा: १८:३८:५०. मद्रासच्या वेधशाळेची वेळ एका पतसंस्थेच्या सभासद-यादीत येऊन बसली होती.

आणि १८:०६:४०? ही सगळ्यात त्रासदायक. टाइमझोनचा हा डेटाबेस दगडावरची रेघ नाही. जुन्या काळाबद्दल चांगला पुरावा मिळाला की तो बदलतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यात कोलकात्यासाठी १९४१ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत कलकत्त्याची स्थानिक वेळ होती, ५ तास ५३ मिनिटं २० सेकंद. पुढे ते दुरुस्त होऊन १९०६ पासून साडेपाच तास झाले. काही शाखांच्या पीसीवर जावा ८ चं जुनं अपडेट होतं, काहींवर नवं. त्यामुळे १९३८ साली जन्मलेल्या सभासदाची नोंद जुन्या अपडेटच्या शाखेतून साठवली की १८:०६:४०, नव्या अपडेटच्या शाखेतून साठवली की १८:३०:००.

यातून पुढचं लक्षात आलं तेव्हा चहा थंड झाला. जुन्या शाखेनं साठवलेली १८:०६:४० ची नोंद नव्या शाखेत उघडली, तर साडेपाच तास मिळवून रात्रीचे ११:३६:४० होतात, म्हणजे पडद्यावरच आदला दिवस. तिथे कुणी 'साठवा' दाबलं की तो आदला दिवस खरा धरून त्याची मध्यरात्र जाते. अशा नोंदीत आता १८:३० ही निरागस वेळ आहे आणि तारीख मात्र खरोखर सरकलेली. वेळेवरून ती ओळखू येत नाही.

दुसरी गळती पिग्मी एजंटच्या मोबाइल अॅपमधून होती. अॅपला सर्व्हर तारीख अक्षरांत देत असे, आणि ती अक्षरं सर्व्हर यूटीसीत बनवत असे. काउंटरवरून साठवलेली १ जूनची नोंद अॅपमध्ये ३१ मे दिसे. एजंटनं पत्ता दुरुस्त करून पाठवला की तीच अक्षरं परत येत, सर्व्हर त्यांचा यूटीसी मध्यरात्रीचा क्षण करी आणि रकान्यात '३१ मे ००:००:००' बसे. वेळ अगदी सोवळी, तारीख चूक. पुढे काउंटरवर फॉर्म उघडून साठवला की ३० मे १८:३०. मग पुन्हा अॅप. काउंटर आणि अॅप अशी एक फेरी झाली की सभासद एका दिवसानं म्हातारा. ज्यांचा पत्ता-फोन वारंवार बदलतो अशांच्या नोंदी दोन-दोन दिवस मागे गेलेल्या सापडल्या.

फसलेला सोपा उपाय

मधल्या काळात पुरवठादारानं एक गोष्ट करून पाहिली होती: सर्व्हरच्या जावाला भारतीय झोन लावायचा. कल्पना सुचणं साहजिक होतं. कॉन्फिगरेशनमध्ये झोन लिहिला 'आशिया/मुंबई'. फरक पडला नाही, म्हणून निष्कर्ष निघाला की टाइमझोनचा इथे संबंध नाही. पण टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये आशिया/मुंबई नावाचा झोनच नाही. भारतासाठी आशिया/कोलकाता आणि त्याचं जुनं नाव आशिया/कलकत्ता, एवढंच. जावाच्या जुन्या टाइमझोन क्लासला अनोळखी नाव दिलं तर तो तक्रार करत नाही, गुपचूप जीएमटी, म्हणजे यूटीसीचीच वेळ, देतो. नवा झोनआयडी तिथेच एक्सेप्शन टाकतो आणि प्रोग्रॅम सुरूच होत नाही. दोन पिढ्यांच्या डिझाइनमधला हा फरक मला महिने शून्यापासून मोजण्यापेक्षा मोठा वाटतो. महिन्याची चूक पहिल्याच दिवशी दिसते, ही कधीच दिसत नाही.

नाव बरोबर लिहिलं असतं तर बरं झालं असतं का? उलट. भारतीय झोनचा सर्व्हर '३१ मे १८:३०' हे भारतीय वेळेतलं समजून वाचू लागला असता, आणि काउंटरवरही ३१ मे दिसू लागला असता. चूक सगळीकडे सारखी झाली असती आणि तक्रारी बंद झाल्या असत्या.

दुरुस्ती

आधी गळती थांबवली: काउंटर आणि अॅप, दोन्हीकडून जन्मतारीख साठवणं बंद. फॉर्ममध्ये ती दिसे, पण बदलायची तर शाखाधिकाऱ्यामार्फत वेगळा अर्ज. कुरकुर झाली, पण तारीख रोज सरकत असताना दुरुस्ती करण्यात अर्थ नव्हता.

मग डेटा. वेळांचा सगळा इतिहास कळल्यावर गणित हास्यास्पद सोपं झालं. आपल्याकडचे सगळे फरक, मद्रासचा असो की युद्धकाळाचा, पाच ते सात तासांच्या मधले आहेत. म्हणजे दुपारी बारानंतरची कुठलीही वेळ ही दुसऱ्या दिवसाची मध्यरात्र. नोंदीत बारा तास मिळवायचे आणि वेळ छाटून टाकायची. १७:३०, १८:०६:४०, १८:३० सगळे बरोबर दिवसावर येतात आणि ००:०० वाले जागचे हलत नाहीत. हा उपाय पहिल्या दिवशी अंदाजानं वापरला असता तरी बहुतेक नोंदी बरोबर आल्या असत्या. पण खरोखर सरकलेल्या नोंदींची वेळ स्वच्छ दिसत असल्यानं त्या त्यात कायमच्या पुरल्या गेल्या असत्या.

त्यासाठी सर्व्हर हलवण्याच्या आदल्या रात्रीचा बॅकअप बाहेर काढला. तो भारतीय वेळेच्या काळातला, सगळीकडे एकच जुना जावा असतानाचा, त्यामुळे त्यातली प्रत्येक तारीख टाइप झाली तशी. आताची गोल केलेली तारीख आणि बॅकअपमधली तारीख जुळली तर नोंद मान्य. न जुळली तर दोनच शक्यता: ती वरच्या दोन गळत्यांपैकी एकीत सापडली, किंवा सभासदानं खरोखर दाखला आणून तारीख दुरुस्त करून घेतली. फरक एक-दोन दिवसांचाच असेल आणि दुरुस्तीचा अर्ज नसेल तर बॅकअपची तारीख घेतली. बाकीच्या नोंदी, आणि सर्व्हर हलल्यानंतर आलेले नवे सभासद, यांच्या फाइली शाखांनी काढून कागदाशी ताडून पाहिल्या. १९०० वाल्यांची तारीख रिकामी केली. माहीत नाही ते माहीत नाही म्हणूनच साठवावं. खोटी तारीख कधी ना कधी एकशेवीस वर्षांचा ज्येष्ठ नागरिक होऊन व्याज मागायला येते.

व्याजाचा हिशोब तपासताना मजा झाली. साठ पूर्ण झालेल्यांना ठेवीवर जादा दर होता. तारीख एक दिवस मागे सरकलेला माणूस एक दिवस आधी साठीचा होतो. नेमक्या त्या एका दिवशी ठेव ठेवलेल्यांना जादा दर लागला होता. त्यातल्या एकानंही तक्रार केलेली नव्हती.

कोडमधला बदल

सभासद क्लासमधलं फील्ड लोकलडेट झालं आणि रकाना निव्वळ डेट. लोकलडेटमध्ये वर्ष, महिना, दिवस एवढंच असतं. त्याला झोन नाही, वेळ नाही, आणि एकदा बनलं की ते बदलत नाही. त्याला 'तू नक्की कुठला क्षण?' असं विचारायची सोयच नाही. विचारायचं तर झोन हातात द्यावा लागतो. जन्मतारखेचं खरं रूप हेच आहे. मुंबईत तर १९५५ पर्यंत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेला बॉम्बे टाइमही चालत होता, आणि टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये त्याचा वेगळा झोन नाही. चाळीसच्या दशकात गिरगावात जन्मलेल्या माणसाच्या दाखल्यावरची तारीख कुठल्या घड्याळानं लिहिली, हे कुणी विचारत नाही आणि विचारायची गरजही नाही. दाखल्यावर आहे ती तारीख, तेवढीच.

यंत्रा-यंत्रांमध्ये ती आता '१९४३-०६-०१' अशा अक्षरांत जाते. ऑब्जेक्टची अक्षरं करून देणारी जॅक्सन लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी एक इशारा: जुन्या डेट फील्डवर फक्त 'वर्ष-महिना-दिवस' असा साचा लावून तारीख बाहेर काढली तर जॅक्सन ती मूळच्या सेटिंगनुसार यूटीसीत काढतं, सर्व्हर भारतीय वेळेवर असला तरी. भारतातली मध्यरात्र तिथेही आदल्या दिवसात जाते. लोकलडेटला हा प्रश्नच येत नाही.

मात्र सगळीकडे लोकलडेट लावत सुटायचं नाही. पैसे भरल्याची पावती हा क्षण आहे. दोन शाखांतून एकाच वेळी पैसे निघाले तर आधी कोण हे ठरवावं लागतं. तिथे इन्स्टंट हा क्षणाचा क्लास, आणि रकाना टाइमझोनसह टाइमस्टॅम्प. ठेवीची मुदत संपण्याची तारीख लोकलडेट.

राहिलं 'आज'. हे दिसतं साधं आणि असतं सर्वांत फसवं. व्याजाची आकारणी रात्री साडेबाराला चाले. यूटीसीच्या सर्व्हरवर झोन न देता 'लोकलडेट, आत्ता' विचारलं तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत उत्तर कालचं येतं. म्हणजे जन्मतारखा निर्दोष करूनही व्याज एका दिवसानं चुकलं असतं. म्हणून 'आज' कुठेही थेट विचारायचं नाही असा नियम केला. सर्व्हरवर एकच क्लॉक ऑब्जेक्ट, आशिया/कोलकाता झोनचं, ज्याला लागेल त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ते ऑब्जेक्ट बनतानाच, दिलेलं. यातून चाचण्याही सोप्या झाल्या: क्लॉक ३१ मार्चच्या रात्री ११:५९ ला थांबवून ठेवायचं आणि वर्षअखेरीचा हिशोब चालवून बघायचा. बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवण्याच्या पायरीत, तपासणी घातली की जावा.युटिल.डेट किंवा झोन नसलेलं 'आत्ता' नव्या कोडमध्ये आलं तर बिल्ड पडतो. आणि सर्व्हर यूटीसीवरच ठेवला, मुद्दाम. कुठे झोन द्यायचा राहिला असेल तर तो उघडा पडावा म्हणून.

शेवटची गाठ जावाची नव्हतीच. अज्ञान सभासदांची खाती अठराव्या वर्षी सज्ञान म्हणून बदलतात. २९ फेब्रुवारी २००४ ला जन्मलेल्या एका मुलीचं खातं रात्रीच्या कामानं २८ फेब्रुवारी २०२२ ला बदललं, आणि त्याच दिवशी काउंटरनं तिला सहीचा नमुना द्यायला नकार दिला, वय पूर्ण नाही म्हणून. रात्रीचं काम जन्मतारखेत अठरा वर्षं मिळवत होतं. लोकलडेट त्याचं उत्तर २८ फेब्रुवारी देतं. काउंटर दोन तारखांमधला पीरियड काढत होतं. त्याचं उत्तर २८ तारखेला सतरा वर्षं, अकरा महिने, तीस दिवस. दोन्ही मेथड आपापल्या नियमानं बरोबर आहेत आणि कुठली संस्थेला हवी ते कोड सांगू शकत नाही. प्रश्न व्यवस्थापन समितीपुढे ठेवला. समितीनं १ मार्च ठरवलं, ठराव झाला, आणि वय मोजण्याच्या कोडमधल्या विखुरलेल्या सगळ्या जागा काढून सभासद क्लासमध्ये 'सज्ञान कधी' सांगणारी एकच मेथड ठेवली. तिच्यावरच्या टिप्पणीत ठरावाचा क्रमांक आहे.